प्रेमदासजींची बँकेतली पोरगी

देवळीच्या प्रेमदासजींनी आयुष्यभर तहसील कचेरीत कारकुनी केली, पण कुणाच्या चहालाही कधी मिंधे झाले नाहीत. बुद्धविहारात दर रविवारी त्रिसरण-पंचशील तेच सांगायचे आणि सगळी वस्ती त्यांच्या मागून म्हणायची. असा हा माणूस पोटच्या पोरीबद्दल मात्र गावभर धडधडीत खोटं सांगत होता. आता बोला!

पोरगी, नंदिनी, रत्नागिरीला होती. समुद्रात एक मासा असतो, अंगातूनच करंट सोडणारा. त्या माशावर तिचं संशोधन चालू होतं. मासेमारीच्या बोटीवर खलाशांबरोबर जायची, जाळं वर आलं की त्यातून हे मासे हुडकायची. तिनं हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा प्रेमदासजींचं तोंड एवढंसं झालं. आपल्या बापानं मजुरी करून आपल्याला शिकवलं, आपण पोटाला चिमटा घेऊन हिला शिकवलं, ते काय मासळी उपसायला? भावकीतली पोरं कुणी रेल्वेत, कुणी मंत्रालयात. निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशी शेजारच्या रूपरावांनी चारचौघांत विचारलं, "पोरगी काय करते म्हंता?" आणि प्रेमदासजींच्या तोंडून निघून गेलं, "बँकेत हाय, रत्नागिरीले."

निघालं ते निघालं. मग तेच रेटत राहिले. सीताबाईंनी, त्यांच्या बायकोनं, डोक्याला हात लावला, पण नवऱ्याची इज्जत म्हणून गप्प बसल्या. नंदिनी सुट्टीत यायची, हौसेनं माशाचं काही सांगायला बसायची, की हे "हो का, बरं बरं" म्हणत चपला पायात सरकवून बाहेर पडायचे. "अवो, पोट्टी काई सांगून राह्यली, ऐका तं खरं!" सीताबाई करवादायच्या. ऐकतो कोण!

परवाच्या रविवारी नंदिनी घरी होती, म्हणून वंदनेला तीही आली. विहाराच्या पायरीवर कवडूनं तिला गाठलं. कवडू म्हणजे त्यांच्या गल्लीतला शेतकरी, मोकळाढाकळा गडी.

"काय वं नंदिनी, माह्या नातीचं खातं तुह्या बँकेत उघडून देशीन का?"

"माह्या बँकेत?" नंदिनी म्हणाली, आणि तिनं बापाकडे पाहिलं.

प्रेमदासजी चपला काढायला वाकले होते, ते वाकलेलेच राहिले. आता ही बोलणार आणि आपली अब्रू पायरीवरच जाणार. पण पोरगी म्हणाली, "काका, माही शाखा लय दूर पडते. इथंच उघडा, तेच सोयीचं हाय." आणि आत निघून गेली.

वाचलो, असं प्रेमदासजींना वाटलं खरं. पण मेणबत्ती लावेपर्यंत त्यांच्या कानशिलांची आग व्हायला लागली. पोरीनं एका नजरेत सगळं ओळखलं होतं, आणि वर आपल्यालाच झाकून घेतलं होतं. चिडली असती, चार शब्द बोलली असती, तरी परवडलं असतं.

पंचशील सुरू झालं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मागून सगळ्यांचा आवाज येत होता आणि त्यात नंदिनीचा त्यांना वेगळा ऐकू येत होता. चौथं शील खोटं न बोलण्याचं. "मुसावादा..." म्हणाले आणि अडकले. खाकरले. पुन्हा "मुसावादा..." आणि पुन्हा तिथंच थांबले. विसरले असतील म्हणून रूपराव मागून हळूच म्हणाले, "वेरमणी, वेरमणी." विसरतात कसले!

प्रेमदासजी मागे वळले. हात जोडलेलेच होते.

"माही पोरगी बँकेत नाई," ते म्हणाले. "कधीच नव्हती. समुद्रातले मासे पाह्यते ते. करंट मारणारे. मले सांगाची लाज वाटे, म्हणून तुमच्यापाशी खोटं बोलत आलो."

कवडूच आधी बोलला. "करंट मारते? रानडुकरासाठी वावराच्या तारेत झटका सोडतो, तसा?"

"हो, तसाच."

"पण मासा कायले झटका मारते? त्याच्या वावरात का डुकरं घुसतेत?"

पोरं खिदळली. प्रेमदासजींना माहीत नव्हतं. ज्या माशापायी पोरगी उन्हातान्हात झिजली, तो मासा झटका का मारतो हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. खोटं कबूल करताना वाटली नव्हती इतकी लाज त्यांना आता वाटली.

नंदिनी उठली. पण ती बोलली ती कवडूशी. "काका, त्याले जोरात पळता येत नाई. भाकरीसारखं चपटं अंग हाय, वाळूत पुरून बसते, नुसते डोळे बाहेर. बारकी मासोळी जवळ आली का झटका देऊन धरते. कोणी खायले आलं तरीबी झटकाच देते. पण जाळ्यात गावला का झटके मारून मारून थकून जाते. बाजारात त्याले कोणी इचारत नाई, म्हणून बोटीवर तसाच पडून राह्यते अन् मरते. पोटात जित्ती पिल्लं असली तं तेबी जातेत. जीव हाय तवाच परत पाण्यात सोडा, हे मी खलाशांले पटवून राह्यली."

"म्हंजे जीव वाचवते तू!" कवडू म्हणाला. "मंग प्रेमदासजी, यात लाज कायची?"

प्रेमदासजींची मान वर होईना. जीव न घेण्याचं पहिलं शील त्यांनीच तर आत्ता सगळ्यांना सांगितलं होतं.

"चौथं राह्यलं ना," रूपराव जपून म्हणाले.

"बेटा, तू सांग," प्रेमदासजी पोरीला म्हणाले. "माह्या तोंडून आज निघत नाई. आम्ही तुह्या मागून म्हणतो."

पायरीनंतर नंदिनीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"मी कशी सांगू, बाबा?" ती म्हणाली. "पायरीवर मीबी खोटंच बोलली."