काचेच्या पेटीतली दोन दारं

मी मेमरी चिप बोलतेय. रंगानं काळी, बोटाएवढी लांब आणि पाय अठ्ठेचाळीस. हसू नका, गोमेला कोणी हसतं का?

इतर मेमरींना एकच दार असतं, मला दोन. दोन प्रोसेसर, म्हणजे यंत्राचे दोन मेंदू, माझ्या दोन बाजूंना बसतात. एक माझ्यात लिहितो, दुसरा त्याच वेळी वाचतो. आकडे ठेवायच्या माझ्या एकाच खान्यावर दोघांनी एकदम हात टाकला, तर मी एकाला म्हणते, "जरा थांब." मोठ्या घरातली थोरली सून करते तेच काम.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. मुंबईच्या दुकानदारानं मला सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदात गुंडाळून प्रियदर्शनीच्या हातात दिलं. प्रियदर्शनी साताऱ्याची, तिच्या घरातली पहिली इंजिनिअर. एस.टी.त सांगलीपर्यंत तिनं मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. इतका जीव मला आधी कोणी लावला नव्हता.

ते १९९४ साल. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये ती दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी काचेची पेटी बनवत होती. माझ्या एका बाजूचा प्रोसेसर बाळाच्या अंगाचं तापमान मोजून माझ्यात लिहायचा. दुसरा ते वाचून पडद्यावर दाखवायचा आणि हीटर कमीजास्त करायचा.

पेटी सांगलीच्या एका इस्पितळात आली. पहिलं बाळ तासगावच्या उमाचं. सातव्या महिन्यात झालेली लेक, वजन सव्वा किलो. एवढीशी मूठ, पण मिटलेली घट्ट. मला ती फार आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी ओरडली. पडद्यावर ३७.९. हीटर आपोआप बंद झाला. ताप आला की डॉक्टर बघेपर्यंत आकडा तसाच थांबून राहावा, ही सोय प्रियदर्शनीनंच केली होती. डॉक्टर म्हणाले, "ताप आहे, दुपटं काढा." तासाभरानं वॉर्डातल्या जुन्या आया लीलाबाई आल्या. त्यांनी आत हात घालून बाळाचे तळवे धरले.

"डाक्टर, मशीन ताप म्हनतंय, अन् पोरगी तर बरफावानी गार पडलीया."

"आकडा बघा ना, लीलाबाई."

"आकडा ऱ्हाऊ द्या. हात लावून बघा."

डॉक्टरांनी हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. लीलाबाईंनी लेकीला उचलून उमाच्या छातीशी बांधलं. वॉर्डातल्या दुसऱ्या पेटीत आधीच दोन बाळं होती. प्रियदर्शनीला बोलावणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "पेटी संध्याकाळपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर घेऊन जा."

उमा प्रियदर्शनीला म्हणाली, "आवं ताई, जगंल न्हवं माझी लेक?"

प्रियदर्शनी पेटीचं झाकण उघडू लागली. मला खरं काय झालं ते ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

झालं होतं असं. तापमान माझ्या दोन खान्यांत राहायचं. एकात छत्तीस, शेजारी दशांशाचे नऊ. ३६.९ चे ३७.० होताना लिहिणाऱ्या प्रोसेसरनं छत्तीस पुसून सदतीस लिहिले. शेजारचा नऊ पुसायच्या आतच दुसऱ्यानं घाईनं दोन्ही वाचले. नवे सदतीस, जुने नऊ, झाले ३७.९; तोच आकडा अडकला आणि हीटर बंदच राहिला. मी एका खान्यावरची भांडणं सोडवते, दोन खान्यांची जोडी मला कळत नाही.

दुपारपर्यंत प्रियदर्शनी तारा तपासत बसली. तारा बिचाऱ्या निर्दोष होत्या. शेवटी ती तोंड धुवायला वॉर्डाच्या न्हाणीकडे गेली. न्हाणीला कडी नव्हती.

"थांबा बाई," लीलाबाई म्हणाल्या, "दारावर लुगडं हाय न्हवं? आत बाई हाय. तिचं आटपलं की ती लुगडं काढंल, मग जावा."

प्रियदर्शनी तोंड न धुताच परत फिरली. शेडवर जाऊन तिनं प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. माझा एक रिकामा खाना तिनं लुगड्यासाठी ठेवला. जो आत येईल त्यानं तिथं एक लिहायचा, दोन्ही खाने आटपले की शून्य करायचं. दुसऱ्यानं तोवर बाहेर थांबायचं.

पाच वाजता लेक पुन्हा पेटीत आली. आकडा चढू लागला. ३६.८. ३६.९. मग ३७.०.

"आता पटतंय," लीलाबाई म्हणाल्या. पण आतला हात त्यांनी काढला नाही.

सव्वा महिन्यानं उमा लेकीला घेऊन तासगावला गेली. प्रियदर्शनी एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला गेली होती म्हणे.

हे "म्हणे" का, ते सांगते. वीज आहे तोवरच मला आठवतं. प्लग काढला की सगळं कोरं. ही गोष्टही मला ठाऊक आहे ती लीलाबाईंमुळे, आणि त्यांना ती प्रियदर्शनीनं सांगितलेली. नवी सिस्टर आली की त्या ती पेटीजवळ उभं राहून रंगवून सांगतात.

आता १९९९ संपत आलंय. वॉर्डात नव्या पेट्या आल्यात, माझ्याहून हुशार. माझ्याकडे शेवटचं बाळ आहे, मेढ्याच्या बाईचा मुलगा. उद्या सकाळी तो घरी जाईल आणि माझा प्लग कायमचा निघेल.

लेकुरवाळ्यांनो, नव्या पेटीचा आकडा कितीही बरोबर दिसला, तरी अधूनमधून लेकराच्या तळव्याला हात लावून बघत जा.

आणि पोरांनो, रागावू नका. तुमच्यातलं एकही मला आठवत नाही. बाळ घरी निघालं की प्लग काढतात. कधी दुसऱ्या कारणानंही काढत असतील. तेही मला आठवत नाही, हे बरंच आहे.

आत्ता माझ्यात ३६.८ आहे. मुलगा झोपलाय. उद्या हा आकडा पुसला जाईल, तेव्हा तो आईच्या कुशीत असेल.