तिला परत पाठवू नका

नवीन जालन्यातल्या एका छोट्या चर्चच्या मागेच पाळकांचं घर होतं. रविवारची उपासना आटोपली. लोक अंगणात चहा घेत थांबले, तेवढ्यात भावना मागच्या दारानं त्या घरात शिरली आणि पलंगाआड अंग चोरून बसली. तिचा डावा हात सुजला होता.

तिचा नवरा संपत मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, पंच. व्यासपीठावरून तो बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा तेव्हा म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. घरी मात्र त्याची चाहूल लागली की भावनाच्या हातातलं भांडं सुटायचं. मागे एकदा ती पाळकांकडे आली होती. "सहन कर, बाई. आपण प्रार्थना करू," म्हणत राजानंद पास्टरांनी तिला स्वतः घरी सोडलं होतं. ते वळताच संपतनं कडी घातली. "चर्चमधी माझी बदनामी करून राह्यली?" आणि त्यानं पट्टा काढला.

आज सकाळी तो एवढंच म्हणाला होता, "उपासना होऊ दे. मंग घरी बघतो तुला." उपासनाभर तिला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

पाळकांच्या पत्नी सुमेधाताईंनी तिला पाहिलं. काही न विचारता त्यांनी मागचं दार लावलं, तिला पाणी दिलं. इतक्यात पास्टर आत आले.

"पुन्हा?" ते हळू आवाजात म्हणाले. "संपतभाऊ बाहेर शोधून राह्यलेत. मी समजावतो त्यांना. चार लोकांत बोभाटा झाला तर मंडळीची इज्जत जाईल."

"अन् हिचा जीव गेला तर?" सुमेधाताई कडाडल्या. "आजाऱ्याला भेटायला आपण जातो, मयताला जातो. मंग मार खाऊन आलेल्या जित्या बाईला माघारी कसं पाठवता? क्षमा करा असं येशूनं सांगितलं, खरं हाय. पण मारणाऱ्याच्या हवाली करा असं कुठं सांगितलं? प्रार्थना करू, पण आधी हिला वाचवू!"

दारावर धाडकन थाप पडली.

"पास्टर, माझी बायको आत हाय ना? जल्दी बाहेर काढा!"

पास्टरांचा हात कडीकडे गेला. संपलं सगळं! "पास्टर," भावना कसंबसं पुटपुटली, "ह्या टायमाला तो मला जिती ठेवणार न्हाई."

पास्टरांनी वळून तिच्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं. मग दार उघडलं आणि उंबऱ्यात स्वतः आडवे उभे राहिले.

"ती येणार न्हाई, संपतभाऊ. अन् आजपासून तुम्ही व्यासपीठावर चढायचं न्हाई."

संपत पुढे सरकला. पण अंगणातली एक म्हातारी कप खाली ठेवून पास्टरांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मागोमाग दुसरी आली, मग बाकीचेही. आत सुमेधाताई पोलिसांना फोन लावत होत्या. त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकताच संपत शिव्या देत फाटकाबाहेर पडला.

पुढच्या रविवारी पास्टर भर उपासनेत म्हणाले, "मी भावनाला परत पाठवलं होतं. ते माझं पाप होतं. यापुढे मार खाऊन आलेलं कुणीही इथून माघारी जाणार न्हाई."

त्या दिवसापासून पाळकांच्याच घरी राहणारी भावना शेवटच्या बाकावर सुमेधाताईंना चिकटून बसली होती. तिची भीती अजून गेलेली नव्हती. पण आज ती घाबरलेली असतानाही एकटी नव्हती.

बंधूंनो, भगिनींनो, चर्च असो वा कुठलंही देवाचं घर, भ्यालेल्या माणसाला तिथे आसरा मिळाला पाहिजे. मारणाऱ्याची अब्रू झाकणाऱ्या मंडळीची प्रार्थना देवानं तरी का ऐकावी?