अर्धं होईपर्यंत उकळलेलं पाणी

आमच्या फोनच्या तारेवर अकरा घरं होती. दोन लांब आणि एक आखूड घंटी वाजली की फोन आमचा. पण उचलायचे सगळेच. जितके कान जास्त, तितका आवाज बारीक व्हायचा. मग बोलणारी वैतागून म्हणायची, "बायांनो, निम्म्या तरी खाली ठेवा, मला माझ्या बहिणीचं ऐकू येत नाहीये." खट, खट असे आवाज यायचे आणि बहीण पुन्हा जवळ यायची. १९४७ सालचं नेब्रास्कातलं आमचं चेक लोकांचं खेडं असं होतं. आज त्या माणसांतलं कोणी उरलं नाही, पण आवाज मला एकेकाचा ओळखू येतो.

माझी विल्मा तेव्हा सात आठवड्यांची होती. माझं दूध चौथ्या आठवड्यातच आटलं, म्हणून डब्यातलं घट्ट दूध विहिरीच्या पाण्यात कालवून तिला पाजत होते. सासूबाईंची दोन मुलं हगवणीनं गेलेली. त्यामुळे त्यांचा एकच हुकूम होता, "पाणी अर्धं होईपर्यंत उकळायचं. तुझा हात आळशी आहे, मी बघत असते." मी चुलीपाशी उभी राहून पातेल्यातली पाण्याची रेघ खाली जाताना बघत असे. शेजारपाजारी माझ्या विल्माइतकं स्वच्छ दूध कोणाच्या बाळाला मिळत नसेल, याचा मला थोडा गर्वच होता.

एप्रिलमध्ये विल्माचे ओठ राखेसारखे दिसायला लागले. मग नखं. गावातले डॉक्टर सटन येऊन तिची छाती ऐकून गेले. म्हणाले, जन्मतःच हृदयात दोष असावा. बुधवारी सकाळी तिला पाळण्यातून उचललं, तर ती पाटीच्या दगडासारखी निळसर-करडी झाली होती. रडत नव्हती. श्वास तेवढा भराभर चालला होता.

मी डॉक्टरांना फोन लावला. "ओमाहाच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल," ते म्हणाले. "पण ब्लाझेना, प्रवास तिला झेपेल असं मला वाटत नाही."

"मी सगळं स्वच्छ ठेवलं हो," मी म्हणाले. "पाणीसुद्धा अर्धं होईपर्यंत उकळते."

तारेवर कोणीतरी खाकरलं. "सटन, फोन ठेवू नका. मी क्लेमेंट."

क्लेमेंट हाव्लिक आमचे गुरांचे डॉक्टर. कोणाची गाय अडली ते आधी कळावं म्हणून ते रोज सकाळी फोन ऐकत बसायचे. सगळ्यांना ते माहीत होतं.

"तुम्ही चोरून ऐकताय?" सटन म्हणाले.

"अर्धं खेडं ऐकतंय. ब्लाझेना, विहीर कुठली? गोठ्याजवळची?"

"हो. शेणाच्या ढिगापलीकडची."

"सुई आण. बाळाच्या टाचेला टोच आणि थेंब पांढऱ्या बशीत घे."

सासूबाईंनी टाच धरली, मी टोचलं. विल्मा कळवळलीसुद्धा नाही. बशीतला थेंब तपकिरी होता, चॉकलेट वितळल्यासारखा. मी तसं सांगितलं.

"हवेवर ठेव. लाल होतोय का?"

मी वाट पाहिली. तारेवरची सगळी घरं वाट पाहत होती. क्लेमेंटचा आवाज अगदी दुरून आल्यासारखा बारीक झाला होता, तरी एकानंही फोन खाली ठेवला नाही.

"नाही होत," मी म्हणाले.

"सटन, गेल्या वर्षी पावसानं ओढ दिली, तेव्हा पोकोर्नींच्या सात गाई ओटचा वाळका चारा खाऊन पडल्या. त्यांचं रक्त असंच होतं. चाऱ्यात नायट्रेट होतं, ते रक्ताला हवा धरू देत नाही. शेणातून झिरपून या विहिरीतही तेच आलं असणार."

"मी बाळाबद्दल बोलतोय, क्लेमेंट. गाईबद्दल नाही."

"रक्ताला ते कुठं ठाऊक आहे? त्यावरचा उतारा, ते निळं औषध, तुमच्या कपाटात आहे का? माझ्याकडचं गाईंसाठीचं आहे, ते मी बाळाला देणार नाही."

सटननी कपाट उघडल्याचा आवाज तारेवर आला. मग म्हणाले, "आहे. निघतो."

तासाभरात दोघांच्या गाड्या आल्या. सटननी विल्माचं वजन हिशेबात धरून औषध पुन्हा पुन्हा मोजलं. गडद निळं, शाईच म्हणा ना. क्लेमेंटनी आपल्या जाड बोटांनी विल्माचं डोकं धरलं आणि सटननी कपाळावरच्या बारीक शिरेत सुई घातली. निळ्या पडलेल्या मुलीच्या अंगात निळी शाई जाताना मला बघवेना, पण मान वळवता येईना.

आधी तिच्या कानाच्या पाळ्या बदलल्या. मग ओठ. कोणी आतून दिवा लावत यावं तसा गुलाबी रंग गालांवरून कपाळावर चढत गेला. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. मी नंतर चार मुलं वाढवली, नवऱ्याला पोचवलं, पण तसं काही पुन्हा पाहिलं नाही. सटननी टोपी काढली. घरात तर आम्ही होतो, टोपी काढायला हवीच होती. पण ते आल्यापासून विसरलेच होते.

"आम्ही सगळे तेच पाणी पितो," सासूबाई म्हणाल्या. "वासरंसुद्धा."

"तुमचं रक्त मुरलेलं आहे. हिचं अजून कोवळं," क्लेमेंट म्हणाले.

"पण उकळलं होतं की," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. "उकळून जंतू मरतात, पोरी. हे मिठासारखं असतं. पाण्याची वाफ होते, हे पातेल्यात राहतं. अर्ध्या पाण्यात दुप्पट."

सासूबाई खुर्चीत बसल्या. "मीच सांगितलं तिला," त्या सटनना म्हणाल्या, जणू ते पोलीसच होते.

"तुम्ही हगवणीपासून वाचवत होता," सटन म्हणाले. "मी तर हृदयात दोष आहे म्हणालो."

तेवढ्यात विल्माला भूक लागली. आधी कुरकुर, मग तोंड उघडून रडणं. मी बाटलीकडे हात नेला आणि मागे घेतला. घरात पाण्याचा एक थेंबही असा नव्हता, जो तिला देण्याची माझी छाती होती. क्लेमेंट दुधाची रिकामी कॅन उचलून शेणापासून दूर असलेल्या गावच्या खोल विहिरीकडे गाडी घेऊन गेले. जायला-यायला पाऊण तास.

तेवढा वेळ ती रडली. मुठी आवळून, पाय झाडत, टाळू दिसेपर्यंत. रडता रडता आणखी लाल झाली, टोमॅटोसारखी. सासूबाई, सटन आणि मी पाळण्याभोवती उभे राहून तो लाल रंग डोळे भरून बघत होतो. तिला गप्प करायला कोणीच वाकलं नाही.