गोजरबाईच्या बांधीतला फुटवा

मित्रांनो, मी एक जुनी लोंबी आहे, गोजरबाईच्या ओसरीत टांगलेली. अंगावर दाणे थोडेच उरलेत, चिमण्यांची कृपा! पण माझी खरी गोष्ट लोंबी होण्याआधीची, झोपेतली आहे.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले. धाडजवळ, कपाशीच्या रानाखाली नाल्याकाठी गोजरबाईची एवढीशी धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेले भातखाचर, होती. तिथल्या एका रोपाच्या बुडाशी, पानाच्या कुशीत, मी इवलासा डोळा होऊन पडले होते. डोळा म्हणजे अजून न उठलेला कोंब.

शेंड्याकडून एक रस खाली झिरपायचा. तो म्हणायचा, "थांब, आधी मला वाढू दे." उपाशी मुळांकडून दुसरा रस वर यायचा. "खायला काही नाही ग, नीज." दोघांचे ऐकून मी निजायचे. पाणी डुलायचे, बेडूक गायचे, स्वप्ने छान पडायची.

गोजरबाईची झोप मात्र उडाली होती. तिची लेक सत्यभामा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगा झाला होता. नातवाचे उष्टावण घरच्या तांदळाच्या खिरीनेच करायचे, असे गोजरबाईने मनात धरले होते. तिचा नवरा उकंडराव बांधावरून म्हणाला, "एका रोपाले एकच काडी! पोळ्यापर्यंत फुटवे नाही आले तं वखर फिरवतो अन् जवारी पेरतो."

हरभऱ्याचे शेंडे खुडले की तो फोफावतो, म्हणून गोजरबाईने धानाचेही शेंडे खुडले! मला हसूच आले. धानाचा खरा शेंडा लहानपणी बुडाशी, पानांच्या पोटात लपलेला असतो. तिच्या हाती नुसती पाने लागली. शेंडा आपला "थांब, थांब" म्हणतच राहिला.

ती रडवेली होऊन घरी आली. बाळाला पाजता पाजता सत्यभामा म्हणाली, "माय, मले दूध यावं म्हणून तू मले लाडू चारतं. धानाले काय चारलं?"

"खत तं सारं कपाशीलेच जाते वं," असे म्हणत गोजरबाई उठलीच.

कुजलेले लेंडीखत तिने टोपल्यांनी बांधीत पसरले. मुळे जेवली. त्यांचा जुना निरोप थांबला आणि नवा रस वर चढला, "ऊठ!" आता शेंड्याची कुरकुर कोण ऐकतो? मी पान बाजूला सारून, फुटवा होऊन उजेडात आले. बहिणीही उठल्या. पोळ्याला उकंडराव बांधावर आला, वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "राहू दे बापा."

पौषात त्याच तांदळाची खीर बाळाने खाल्ली, अर्धी थुंकली. किती बरे वाटले मला!

पण बांधीच्या कोपऱ्यातल्या रोपात एक धाकटा डोळा होता. तिथवर जाईतो खताची शेवटची टोपली रिकामी झाली. तो निजलेलाच राहिला आणि तसाच सुकला. मित्रांनो, कोणी गप्प निजून असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा विचारा, तो जेवला आहे का?