चौथ्या-पाचव्या मजल्यामधलं इंग्रजी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला इंग्रजी येण्याची गरज नसते, कारण लिफ्ट कुठल्याच भाषेत बोलत नाही. ती कुरकुरते, आणि कुरकुर जगात सगळीकडे सारखीच असते. या भरवशावर मिस्त्रींनी एकतीस वर्षं काढली. तपासणीच्या अहवालात ते दर महिन्याला दोनच शब्द लिहीत, ‘ऑल ओके’, आणि खाली सही. लिफ्ट चांगली असली तर ऑल ओके. नसली तर आधी दुरुस्त करायची आणि मग ऑल ओके. या पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती.

पण खोट काढण्यासाठी ज्यांना पगार मिळतो त्यांनी ती काढलीच. मिस्त्रींच्या बासष्ट लिफ्टचे वर्षभराचे अहवाल शब्दशः एक आहेत, हे वरच्या कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि परिपत्रक निघालं. यापुढे अहवाल इंग्रजीत आणि पूर्ण वाक्यांत. कुठला भाग बदललाच पाहिजे, कुठला बदललेला बरा, कुठला कदाचित पुढेमागे दगा देईल, हे वेगवेगळं कळलं पाहिजे. त्यासाठी अर्धी लेखी, अर्धी तोंडी अशी परीक्षा. नापास होईल त्याची बदली गोदामात, नटबोल्ट मोजायला.

मिस्त्रींची परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि नोकरीची चार वर्षं उरली होती. गोदाम त्यांनी एकदा पाहिलं होतं. ते तळमजल्यावर होतं आणि त्याला वरचा मजलाच नव्हता. तिथे लिफ्ट असण्याची शक्यताही नव्हती, हे पाहून त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

इंग्रजी शिकवणारं माणूस घरात आयतं होतं. सूनबाई शाळेत सातवी-आठवीला इंग्रजी शिकवायच्या. पण अवघड जागेचं दुखणं आणि सून मास्तरीण. आठवीच्या पोराला ‘गाढवा’ म्हणता येतं. सासऱ्याला फार तर ‘पुन्हा एकदा बघता का, बाबा’ म्हणता येतं, आणि त्याने व्याकरण सुधारत नाही.

“बाबा, चारच शब्द आहेत,” पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या. “मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे केलेलं बरं. मे म्हणजे हवं तर करा. आणि माइट म्हणजे होईलही, न होईलही.”

“एवढ्यासाठी चार शब्द?” मिस्त्री म्हणाले. “आपलं एका ‘पाहिजे’त भागतं. पाना पाहिजे, चहा पाहिजे, माणूस वेळेवर आला पाहिजे.”

“पण तिन्ही पाहिजे सारखे आहेत का?”

“नाही. पाना नसला तर काम अडतं. चहा नसला तर मी अडतो. माणूस काही वेळेवर येत नाही.”

सूनबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “असं धरा. आई बोलतात तो मस्ट. शेजारचे काका येऊन सांगतात तो शुड.”

“आणि माइट?”

“तुमचे चिरंजीव.”

चिरंजीव तिथेच पलंगावर मोबाइल घेऊन पडले होते. न्हाणीघरातला गळका नळ ते गेल्या मार्चपासून बदलणार होते. मिस्त्रींना माइट एका क्षणात समजला. पंधरा दिवसांत एवढ्या झटकन दुसरं काही समजलं नाही.

“मग हा ‘बघू’ म्हणतो, त्याला इंग्रजीत काय?”

“बघूला त्यांच्याकडे शब्द नाही, बाबा. म्हणून त्यांचे नळ गळत नाहीत.”

“मी ऐकतेय सगळं,” स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. “तो पहिला शब्द कुठला म्हणालीस?”

त्या दिवशीचा तास तिथेच संपला.

लेखीचं मिस्त्रींनी आपल्या परीने जमवलं. ब्रेक म्हणजे मस्ट, वंगण म्हणजे शुड, आतला आरसा म्हणजे मे. हे एकदा बसल्यावर गाळलेल्या जागा भरताना दहातल्या सहा बरोबर यायला लागल्या. खरी भीती होती तोंडीची. परीक्षा घ्यायला मुख्य कचेरीतून एक बाई येणार होत्या आणि त्यांना आपल्या भाषेतला ‘हो’ही कळत नव्हता. बोलायचा सराव करावा तर कुणाशी? बावीस वर्षं सोबत काम करणारा जोडीदार, ज्याला सगळे बुटका म्हणत, त्याने हात वर केले.

“मिस्त्री, माझी परीक्षा पुढच्या महिन्यात. माझं अज्ञान आत्तापासून उघडं पाडू नका.”

मग मिस्त्री एकटेच सुरू झाले. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत काम करता करता बारीक आवाजात प्रश्न विचारायचे आणि जाड्या आवाजात उत्तर द्यायचे. “मे आय कम इन?” “यस, यू मे.” “मस्ट आय वेट?” “यू शुड.” दोन्ही बाजू आपल्याच हातात असल्यामुळे संभाषण फार सुरेख होई. खालून बुटका एकदा ओरडला, “मिस्त्री, वर बाई कोण आहे?”

या सवयीने पुढे घात केला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी बायकोने हत्यारांची पिशवी काढून घेतली. “अहो, परीक्षेला चाललाय, दुरुस्तीला नाही.” इस्त्रीचा शर्ट घातला, केस बसवले. खिशातला पेचकस मात्र तिला दिसला नाही. मिस्त्री चष्मा विसरत, पेचकस कधी विसरत नसत.

परीक्षा कंपनीच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर होती. अकराची वेळ, मिस्त्री सव्वादहालाच हजर. लिफ्टमध्ये शिरले, बटण दाबलं, आणि पाचवा मजला ओलांडताना वरून आवाज आला. खर्र, टक्. खर्र, टक्. शहरभर लिफ्ट विकणाऱ्या कंपनीची स्वतःची लिफ्ट दमेकऱ्यासारखी खोकत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आवाजावरून रोग कळला होता: वरच्या खोलीतल्या पेटीत वीज जोडणारा-तोडणारा जो ठोकळा असतो, त्याच्या टोकांवर काजळी धरली होती. पाच मिनिटांचं काम. परीक्षेला पाऊण तास होता. आजारी माणसाच्या शेजारी बसून डॉक्टरने वर्तमानपत्र वाचावं, हे मिस्त्रींच्याने होणारं नव्हतं.

ते गच्चीवर गेले.

आता, या धंद्यात एक रीत आहे आणि ती कुणी मोडत नाही. एक जण वर, एक जण खाली. वरचा विचारतो, “रिकामी का?” खालचा लिफ्ट थांबवतो, आत डोकावून बघतो आणि ओरडतो, “रिकामी.” मगच वरचा मुख्य खटका ओढतो. बावीस वर्षं मिस्त्रींनी विचारलं आणि बुटक्याने उत्तर दिलं. त्या दिवशी मिस्त्रींनी खटक्यावर हात ठेवला, सवयीने विचारलं, “रिकामी का रे?” आणि पंधरा दिवसांच्या दुसऱ्या सवयीने जाड्या आवाजात स्वतःच उत्तर दिलं, “रिकामी.”

आणि खटका ओढला.

ठोकळा सोडवून हातात घेतला, आणि घंटा वाजली. लिफ्टच्या आतली, अडकलेल्या माणसाने वाजवायची घंटा. एकतीस वर्षांत त्यांनी शेकडो माणसं बाहेर काढली होती. आपल्या हाताने आत कोंडलेला हा पहिलाच.

भिंतीवर आत बोलायचा फोन होता. त्यांनी तो खांदा आणि कानामध्ये दाबला.

“कोण आहे आत?”

पलीकडून, बंद नळाला एकदम पाणी यावं तसं इंग्रजी आलं. बाईमाणूस. घाबरलेलं. मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं: साडेदहा. या इमारतीत साडेदहाला इंग्रजीत घाबरणारी बाई कोण असणार, हे ओळखायला परीक्षा द्यायची गरज नव्हती.

“मॅडम,” ते म्हणाले, “आय अ‍ॅम लिफ्ट मेकॅनिक.”

पुन्हा नळ सुटला. त्यातले दोन शब्द मिस्त्रींनी पकडले: डोअर आणि ओपन. मधेच अडकलेल्या लिफ्टचं दार आतून ओढून उडी मारायला जाणं, यापेक्षा वाईट या धंद्यात काही घडत नाही.

“नो. यू मस्ट नॉट ओपन डोअर. मस्ट नॉट.”

एवढा खणखणीत मस्ट त्यांच्या घरातही कधी ऐकू आला नव्हता. पलीकडचं पाणी थांबलं.

“ओके,” बारीक आवाज आला.

“यू शुड सिट. फ्लोअर इज क्लीन.” मग मिस्त्रींना आपल्या कंपनीची साफसफाई आठवली. “फ्लोअर माइट बी क्लीन.”

पलीकडे काहीतरी खुसपुसलं. रडणं असेल किंवा हसणं. मग बाईंनी तो प्रश्न विचारला, जो लिफ्टमध्ये अडकलेला प्रत्येक माणूस विचारतो, मग तो शिकलेला असो की अडाणी. ही पडेल का?

पंधरा दिवस मिस्त्री प्रत्येक वाक्याआधी थांबून चारपैकी एक शब्द निवडत होते. या वेळी निवडावं लागलं नाही.

“नो, मॅडम. कॅनॉट. कॅनॉट फॉल. फाइव्ह रोप्स. वन रोप कॅन होल्ड यू.” हे बाईंच्या वजनाबद्दल वाटेल असं मनात आलं, म्हणून त्यांनी सुधारलं. “वन रोप कॅन होल्ड एनीबडी.”

आता मात्र ते हसणंच होतं. किती वेळ लागेल, असं बाईंनी विचारलं. अडकलेल्याला ‘पाचच मिनिटं’ सांगायचं, मग पाऊण तास लागो, ही या धंद्यातली दुसरी रीत. पण थाप मारण्याइतकं इंग्रजी मिस्त्रींना येत नव्हतं.

“टेन मिनिट्स. माइट बी फिफ्टीन.”

“थँक यू,” बाई म्हणाल्या. मग हळूच: “प्लीज, कीप टॉकिंग.” म्हणजे बोलत राहा.

काय बोलत राहणार? हवापाणी सातवीच्या पुस्तकात होतं आणि पुस्तक घरी होतं. मिस्त्री ठोकळ्याची टोकं घासत होते. जे हात करत होते तेच ते तोंडाने बोलू लागले. “नाऊ आय मस्ट क्लीन. व्हेरी ब्लॅक. नाऊ आय मस्ट टाइट स्क्रू. धिस स्प्रिंग, आय शुड चेंज. टुडे नो स्प्रिंग. इट कॅन वर्क वन मंथ. टू मंथ, माइट. थ्री मंथ, कॅनॉट.” बाई मधूनमधून ‘यस’ म्हणत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, ती स्प्रिंग कुणी बदलायला हवी होती? मिस्त्री म्हणाले, “ऑफिस लिफ्ट, मॅडम. एव्हरीबडी शुड. नोबडी डिड.”

बाराव्या मिनिटाला खटका वर केला. खोकला गेला होता. चौथ्या-पाचव्याच्या मधे अडकलेली लिफ्ट हळूच वर सरकून पाचव्यावर उभी राहिली आणि मिस्त्री जिने उतरून धापा टाकत तिथे पोचले. दार उघडलं. पिकलेल्या केसांची एक ठेंगणी बाई जमिनीवर बसली होती. शेजारी बूट नीट लावून ठेवले होते, मांडीवर कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यांनी आधी मिस्त्रींचा इस्त्रीचा शर्ट पाहिला, मग त्यावर उमटलेला काळ्या हाताचा ठसा.

बूट घालता घालता त्यांनी विचारलं, लिफ्ट थांबवली कुणी?

वीज गेली, असं म्हणता आलं असतं. विजेवर इतकं ढकललं जातं, की आणखी एक ढकलल्याने तिचं काही बिघडलं नसतं. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे तळमजल्यावरचं गोदाम उभं राहिलं. पण जी बाई बारा मिनिटं आपल्या शब्दावर विसंबून जमिनीवर बसली, तिला तेराव्या मिनिटाला थाप कशी मारणार?

“आय,” ते म्हणाले. “आय स्टॉप्ड. आय मस्ट लुक फर्स्ट. आय नॉट लुक.”

वाक्य जागोजागी लंगडत होतं, पण अर्थ सरळ उभा होता. उरलेले दोन मजले बाई जिन्याने चढल्या आणि मिस्त्री मागोमाग, वधस्तंभाकडे निघाल्यासारखे.

लेखी पेपर तासाभरात झाला. बाईंनी तो समोरच तपासला, लाल रेघा बऱ्याच ओढल्या. मिस्त्री तोंडी परीक्षेसाठी घसा साफ करून बसले.

“ओरल, मॅडम?”

“फिनिश्ड,” बाई म्हणाल्या. मग एक कोरा कागद घेऊन त्या बराच वेळ लिहीत बसल्या, घडी करून तो पाकिटात घातला आणि पाकीट मिस्त्रींच्या हातात दिलं.

वाटेत ते उघडण्याची मिस्त्रींची छाती झाली नाही. घरी सगळे वाटच पाहत होते. सूनबाई शाळेतून लवकर आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

“द्या बाबा, मी वाचते.”

“थांब. माझं पत्र आहे, मीच वाचतो.”

चष्मा घरीच राहिला होता, तो बायकोने आणून दिला. मिस्त्री एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागले. “मेकॅनिक... मस्ट नॉट... स्विच ऑफ लिफ्ट... अलोन.”

“रागावलीय का?” बायकोने विचारलं.

“हो. बरोबर रागावलीय.” बोट पुढे सरकलं. “ही शुड... इम्प्रूव्ह... हिज ग्रामर.”

“हे मला आहे,” सूनबाई म्हणाल्या.

“आता पुढचं वाचा ना,” चिरंजीव म्हणाले. त्यांनी मोबाइल खाली ठेवला होता.

मिस्त्रींनी पुढची ओळ आधी मनात वाचली. पुन्हा वाचली. मग मोठ्याने. “रिझल्ट, पास. ही कॅन राइट रिपोर्ट्स.”

“कॅन म्हणजे?” बायकोने विचारलं.

“म्हणजे मला येतं,” मिस्त्री म्हणाले.

“म्हणजे गोदाम नाही?”

“नाही.”

बायकोने देवाचं नाव घेतलं की सुनेचं, ते पुटपुटण्यात कळलं नाही. चिरंजीव वडिलांना काहीतरी बोलणार होते, बहुधा अभिनंदनाचं. पण मिस्त्रींनी पंधरा दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली होती, आणि चिरंजीवांना शब्द सापडेपर्यंत मिस्त्री पत्र छातीवर ठेवून घोरायला लागले होते.