रहिमानी नावाची चकती

आमच्या अब्बांनी रहिमतपूरच्या अख्ख्या पेठेत सांगून टाकलं होतं, की ओढ्यातल्या एका जिवाला त्यांचं नाव लागणार. मीच अतिशहाणी, आधीच बोलून बसले.

मी साताऱ्याला एमएस्सी करते. माझा विषय डायटम, म्हणजे काचेचं कवच असलेलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. पाण्यातल्या दगडावरचा बुळबुळीत थर दात घासायच्या ब्रशनं खरवडायचा, ॲसिडात उकळायचा आणि उरलेली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. आमच्या ओढ्याच्या नमुन्यात मला एक गोल चकती दिसली, संत्र्यासारख्या फोडींची, एक फोड वर उचललेली, एक खाली दबलेली अशी. गोड्या पाण्याच्या एकाही पुस्तकात ती नव्हती. नवी प्रजाती! नावही ठरवलं, अब्बांच्या नावावरून रहिमानी. माझ्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, "आणखी दोन ठिकाणी बघ, मग सोमवारी परिषदेला कळवू."

सांगलीला कृष्णेत चकती, म्हसवडच्या तळ्यातही चकती. मी नाचायचीच बाकी होते. मग शंका आली. एवढ्या लांबच्या तीन पाण्यांत सारखं काय होतं? माझा ब्रश. नवा घ्यायचा राहिला म्हणून तो मी अब्बांच्या दुकानातून उचलला होता. अब्बा पितळेची भांडी आणि देवळातल्या समया घासून चकचकीत करतात. ब्रश गरम पाण्यानं धुतला, तेवढ्यावर मी खूश. आता त्यांच्या पॉलिशच्या भुकटीची चिमूट काचेवर ठेवली, तर चकत्याच चकत्या. ती भुकटी म्हणजे समुद्रातल्या, लाखो वर्षांपूर्वीच्या डायटमांच्या कवचांचीच माती. नावही जुनंच, ॲक्टिनोप्टायकस.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? खरं सांगते, दोन दिवस गप्प बसलेच. रविवारी मात्र अब्बांना कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं, ओढ्याची काच लावली आणि सगळं सांगितलं.

ते डोळा लावून बसले ते हलेचनात. "तीस वर्सं हे मी हातानं चोळतोय व्हय? लय देखणं हाय की गं."

"अब्बा, तुमचं नाव न्हाई लागणार आता."

"त्याचं त्याला नाव हाय न्हवं? मग माजं कशाला?" त्यांचा आवाज जरा उतरला. "पेठेत काय सांगायचं ते मी बगतो. तू मॅडमला फोन लाव आदी."

मला रडूच आलं. तशीच मॅडमना फोन करून आले, तर अब्बा अजून तिथंच.

"आन् ह्यो कोन, होडीवानी?"

"तो आपल्या ओढ्यातलाच. नाविक्युला."

"ह्यो कंच्या जातीचा?"

नाविक्युलाच्या शेकडो जाती आहेत. त्या काचेवर पन्नास तरी होड्या होत्या आणि चकतीच्या नादात महिनाभर मी त्या बाजूला सारत आले होते.

"ठाऊक न्हाई," मी म्हणाले.

"मग बग की," म्हणत अब्बा स्टुलावरून उठले.