उतरणीचं माप

सूनबाईने फितीचं एक टोक खांबाच्या डोक्याशी धरलं, दुसरं खाली आखलेल्या चौकोनाच्या एका बाजूच्या मध्यावर टेकवलं आणि आकडा वाचला.

“पाच फूट, बाबा.”

“खांब चारचा आहे,” सासरे म्हणाले. “मीच कापलाय.”

वाचनालयातल्या मुलांच्या खोलीसाठी तंबू शिवायचा होता. तळ सहा फुटांचा चौकोन, मधोमध चार फुटांचा खांब, आणि खांबाच्या टोकाशी मिळणारे कापडाचे चार त्रिकोण. पिवळं कापड ग्रंथपालबाईंनी दिलेलं, नेमकंच. चुकलं तर दुसरं नाही. शिंपीकामाच्या चाळीस वर्षांत सासऱ्यांनी कुणाला माप विचारलं नव्हतं, आणि सहा महिन्यांपूर्वी घरात आलेल्या सुनेला दुकानात काजं-बटणं सोडून कशाला हात लावू दिला नव्हता. त्यांनी निळ्या खडूने कापडावर पहिला त्रिकोण आखला. उंची चार फूट.

“खांब सरळ उभा राहतो, बाबा. कापडाला उतरणीवरून चालावं लागतं. चालणाऱ्याला वाट जास्त.”

“फीत ढिली धरली असशील,” ते म्हणाले आणि तिला आतल्या खोलीत इस्त्रीला पिटाळलं.

तिची इस्त्री कितीतरी वेळ एकाच बाहीवरून फिरत राहिली. कापड टोकाला पोचायचं नाही, आणि चारचौघांत हसं व्हायचं ते म्हाताऱ्याचं. पुन्हा सांगावं तर आपण आगाऊ ठरणार, मग कात्री कधीच हाती यायची नाही. बाहेर खांब पुन्हा उभा केल्याचा आवाज आला. मग कात्री चालू लागली.

शिवण सासऱ्यांनी एकट्यानेच घातली. तिला जवळ फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात तंबू चढवताना तिने डोळे गच्च मिटून घेतले. उघडले, तर चारी बाजू टोकापासून जमिनीपर्यंत ताणून बसलेल्या, एक सुरकुती नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, खांब चारचा, म्हणजे त्रिकोणही चारचेच पुरतील असं आपल्याला वाटलं होतं.

“छे हो. खांब सरळ उभा राहतो,” सासरे ऐटीत म्हणाले. “कापडाला उतरणीवरून चालावं लागतं. एवढं साधं कळायला नको?”

हसू दाबत सूनबाई तंबूच्या मागे गेली. तिथे पाच फुटांच्या त्रिकोणाच्या पोटात निळ्या खडूचा एक धाकटा त्रिकोण पुसट दिसत होता. टोक बरोबर एक फूट खाली. ग्रंथपालबाईंची पावलं मागच्या बाजूला वळली, तशी तिने तळहाताने तो घाईघाईने पुसून टाकला.

बाईंना आता खिडकीतल्या बाकासाठी गादीची खोळ हवी होती. सासऱ्यांनी खिशातून फीत काढली. सुनेचा निळा तळहात त्यांना दिसला. ते जरा घुटमळले, मग बाकाच्या कडेशी वाकून शून्याचं टोक स्वतः धरलं आणि बाकीची फीत तिच्याकडे सरकवली.

“वाच, सूनबाई,” ते म्हणाले. “ताणून धर मात्र.”